नव्या स्क्रीनचं कपाळ

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे नंतर गैरसमज नकोत. कॉम्प्युटर, मोबाइल, राउटर, टीव्हीचा रिमोट, ज्या ज्या वस्तूला वायर किंवा बॅटरी आहे, ती प्रत्येक वस्तू मला घाबरते! मी नुसती समोर जाऊन उभी राहिले तरी बिघडलेली वस्तू 'नको नको, होते मी सुरू' म्हणते. ही बढाई नाही. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मला पहिलं बक्षीस मिळालं तेव्हापासून हे सगळ्यांनी मान्य केलेलं आहे. म्हणजे आईने नाही, पण बाकी सगळ्यांनी.

माझा प्रकल्प होता 'अंधार पडताच आपोआप लागणारा दिवा'. त्यात एक छोटासा सेन्सर असतो, टिकलीएवढा. त्याच्यावर उजेड पडेनासा झाला की त्याला वाटतं, झाली रात्र! परीक्षक बाईंना मी हे इतक्या वेळा समजावून सांगितलं की शेवटी त्या म्हणाल्या, "कळलं गं बाळा, बक्षीस घे आणि बस." ती ट्रॉफी आमच्या टीव्हीशेजारी आहे. पाहुणे आले की मी तिच्यावरची धूळ पुसायला घेते. नसली तरी.

तर, माझी माधुरी आत्या. मुलुंडला एका इंडस्ट्रियल इस्टेटीत तिचा गाळा आहे आणि ती लेबलं छापते. लोणची, पापड, अगरबत्त्या, मसाले, सगळ्यांची. तुमच्या घरातल्या बरणीवर लेबल फिकं दिसत असेल तर ते आत्याचं नाही, ठसठशीत असेल तर ते आत्याचं. गाळ्यात चार कॉम्प्युटर, एकमेकांना वायरींनी जोडलेले, आणि त्याच जाळ्याला मागचं मोठं छपाईचं मशीन.

या चारांपैकी एका कॉम्प्युटरला आत्याने दसऱ्याच्या मुहूर्तावर नवी कोरी स्क्रीन घेतली. घ्यावीच लागली! जुन्या स्क्रीनवर लाल रंग कसा दिसतो आणि छापून कसा येतो यांचा एकमेकांशी काही संबंधच उरला नव्हता. मागच्या खेपेला द्रौपदीकाकूंच्या मालवणी मसाल्याची लेबलं स्क्रीनवर लालभडक होती आणि छापून आली ती शेणखताच्या पिशवीसारखी. काकू आत्याच्या सगळ्यांत जुन्या गिऱ्हाईक. त्यांनी ती लेबलं टेबलावर ठेवली आणि शांतपणे म्हणाल्या, "माधुरी, दिवाळीचो मसालो ह्यात घालू की कोंबड्यांचा खाद्य?" आता दिवाळीच्या लेबलांसाठी आत्याला एकच संधी होती. ती हुकली तर काकू काम घेऊन घाटकोपरच्या छापखान्यात जाणार होत्या. तसं त्यांनी बोलूनही दाखवलं होतं, तेही चहा पिता पिता. आणि काकूंचं काम म्हणजे आत्याची अर्धी दिवाळी!

दसऱ्याला गाळ्यातल्या पूजेचा मान माझा. कात्री, कटर, मशीन, कॉम्प्युटर, सगळ्यांना हळद-कुंकू, झेंडूचे हार, आपट्याची पानं. जुन्या स्क्रीनना कुंकू लावताना नेहमी पंचाईत व्हायची, कारण त्यांना कपाळच नाही. पण नव्या स्क्रीनच्या वरच्या कडेला, बरोब्बर मधोमध, एक काळी, गोल, चकचकीत टिकली होती.

"आत्या, बघ ना, कंपनीने खास कुंकवाला जागा दिलीय!" मी म्हटलं.

"हुशार झालेत लोक," आत्या म्हणाली.

मी दाट कालवलेलं कुंकू अनामिकेने असं लावलं की कंपासने काढल्यासारखं. वर दोन अक्षता चिकटवल्या. आत्याने माझ्यावरून कडाकडा बोटं मोडली.

आमच्या आजोबांपासून गाळ्यात एक नियम आहे. दसऱ्याची पूजा पहिलं काम पास होईपर्यंत हलवायची नाही. म्हणजे गिऱ्हाईकाने लेबल बघून "छापा" म्हटल्याशिवाय हार उतरवायचा नाही, कुंकू पुसायचं नाही. हा नियम नीट लक्षात ठेवा. याच नियमाने आमची वाट लावली!

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. मी अंथरुणातच होते तेवढ्यात आत्याचा फोन.

"प्रांजल, ये गं लगेच! नव्या स्क्रीनवर काळोख पडलाय!"

"बंद पडली?"

"बंद नाही गं. चालू आहे, पण तळघरात बसून चालू असल्यासारखी! आणि दुपारी द्रौपदीकाकू येतायत लेबल बघायला!"

"आत्या, घाबरू नकोस," मी ब्रश तोंडात धरूनच म्हटलं. "मी येतेय."

आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "दुकानदाराला नाही का बोलवत ती?"

आईला उत्तर देण्यात अर्थ नव्हता.

गाळ्यात पोचले तर सर्वेशदादा हाताची घडी घालून बसला होता. सर्वेशदादा म्हणजे आत्याचा डिझायनर. बोलतो कमी, टोमणे मारतो जास्त.

"आल्या डॉक्टरीणबाई," तो म्हणाला. "पेशंट आत आहे."

स्क्रीनकडे बघितलं. अगदी नाक लावलं तेव्हा कुठे आत काहीतरी लेबलासारखं दिसलं, विहिरीच्या तळाशी पडलेल्या कळशीसारखं. वर माझं कुंकू मात्र झकास, कालच्यासारखंच गोल!

"आधी बंद करून चालू केलंत?" मी विचारलं.

"तीन वेळा."

"मी चौथ्यांदा करते. माझ्या हाताने फरक पडतो."

फरक पडला नाही. मग मी स्क्रीनच्या खालची बटणं दाबून उजेड वाढवायला गेले, तर तो पर्यायच दाबता येईना. स्क्रीन म्हणत होती की उजेड आपोआप ठरवला जातोय.

"आपोआप म्हणजे कोण ठरवतंय?" आत्याने विचारलं.

हा प्रश्न, मंडळी, शंभर नंबरी होता. बक्षीसविजेत्या मुलीने इथेच थांबून विचार करायला हवा होता. पण बक्षीसविजेत्या मुलीच्या डोक्यात त्या वेळी जोरात एकच शब्द वाजत होता. व्हायरस!

"दुकानाच्या हेल्पलाइनला लावू या का?" सर्वेशदादा म्हणाला आणि त्याने लावलाच. फोन मी हिसकावून घेतला.

पलीकडचा माणूस हिंदीत म्हणाला, "मॅडम, स्क्रीन के ऊपर कुछ लगा है क्या?"

"हां, हार लगा है. झेंडूका."

"हार? नहीं मॅडम, सामने, ऊपर बीच में. कुछ धूल वगैरा..."

"धूल?" माझं डोकंच फिरलं. "भैया, हमारे यहां कल पूजा हुआ है! आपके दुकान में धूल होगा!" आणि मी फोन ठेवला. "काय बाळबोध प्रश्न विचारतात हे लोक, यार! यांना पहिलीपासून शिकवायला हवं."

"पण तो काहीतरी सांगत होता..." सर्वेशदादा म्हणाला.

"दादा, मी आहे ना!"

आता मी मोबाइलचा टॉर्च लावला आणि स्क्रीनच्या तोंडासमोर नेला. आणि काय सांगू! स्क्रीन हळूच उजळली! टॉर्च बंद केला, पुन्हा काळोख. टॉर्च लावला, उजेड. बंद, काळोख.

"आत्या," मी कुजबुजले, "आपल्याला कुणीतरी बघतंय."

"कोण गं?"

"हॅकर! ती काळी टिकली आहे ना, तो कॅमेरा आहे. कुणीतरी नेटवर्कमधून आत शिरलंय. आपण टॉर्च मारला की त्याला कळतं आपण शोधतोय, आणि तो घाबरून उजेड सोडतो!"

आत्याने पदर सारखा केला आणि स्क्रीनपासून दोन पावलं मागे सरकली.

"पण कॅमेऱ्यावर तर तू कुंकू लावलंयस," सर्वेशदादा म्हणाला. "त्याला दिसणार कसं?"

मी कुंकवाकडे बघितलं, टॉर्चकडे बघितलं. मग सुचलं.

"इन्फ्रारेड!"

"मग ते कुंकू पुसून तरी बघू," तो म्हणाला आणि त्याने खरंच खिशातून रुमाल काढला.

"ए! हात लावशील तर बघ!" आत्या अशी ओरडली की बाहेर जिन्यावरचं मांजर पळालं. "काम पास व्हायच्या आधी कुंकू पुसणार? बाबांचा नियम आहे! दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी असलं अभद्र काही करायचं नाही माझ्या गाळ्यात!"

"आणि काम पास व्हायला स्क्रीनवर दिसायला नको?"

"दिसेल! ती करतेय ना!"

ती म्हणजे मी. सर्वेशदादाने रुमाल घडी करून खिशात ठेवला. 'तुमचं चालू द्या' असं त्या रुमालावरही लिहिल्यासारखं वाटलं.

हॅकरला बाहेर काढायचं म्हणजे त्याचा रस्ता तोडायचा. हे मला आता सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ दिसत होतं. कोपऱ्यात टेबलाखाली तो डबा असतो ना, ज्यात सगळ्या कॉम्प्युटरच्या वायरी येऊन घुसतात आणि हिरवे दिवे लुकलुकतात, त्यासमोर मी मांडी घातली. वायरी कशा? सगळ्या पिवळ्या! सगळ्या सारख्या! शेवयांचं पातेलं उपडं केल्यासारख्या!

"प्रांजल, एक एक काढ आणि खुणा कर," सर्वेशदादा म्हणाला.

"दादा, हॅकरला वेळ द्यायचा नसतो!"

आणि मी सगळ्या वायरी एका दमात उपटल्या.

हिरवे दिवे विझले. गाळ्यात एकदम शांतता पसरली. मागचं छपाईचं मशीन "टुंई" करून गप्प झालं. नव्या स्क्रीनवर काळोख तसाच! आणि त्या शांततेत शेजारच्या गाळ्यातून एक किंकाळी ऐकू आली.

"माधुरीबेऽऽन! नेट गेला!"

हे हर्षदभाई. शेजारी त्यांचं हिशेब तपासायचं ऑफिस. त्यांचं नेट आमच्याच डब्यातून जातं हे मला कुणीही सांगितलं नव्हतं. ते चष्मा कपाळावर सरकवून दारात उभे राहिले.

"अरे, रिटर्न भरत होतो मी! नव्वद टक्के झाला होता! शेवटचा बटन दाबला आणि गोल गोल फिरायला लागला!"

"हॅकर आहे, काका," मी टेबलाखालून म्हटलं.

"कुठे?"

"नेटवर्कमध्ये."

हर्षदभाईंनी खाली वाकून टेबलाखाली बघितलं. त्यांना तिथे फक्त मी दिसले.

इतक्यात आत्याला एक कल्पना सुचली. "अगं, स्क्रीन राहू दे! लेबलाचा एक नमुना मशीनवर छापून काढू आणि काकूंच्या हातात ठेवू. रंग कागदावरच बघतील!"

किती साधा, किती सुंदर उपाय! सर्वेशदादा उठला, मशीनपाशी गेला आणि तिथूनच त्याने माझ्याकडे बघितलं. मशीनला फाइल जाते ती त्याच डब्यातून. म्हणजे ज्याच्या सगळ्या वायरी माझ्या मांडीवर होत्या!

"लावते, लावते!" मी घाईघाईने वायरी परत खुपसायला लागले. भोकं दिसतील तशी, टोकं मिळतील तशी. हिरवे दिवे लागले! लागले म्हणजे काय, वेड लागल्यासारखे सगळे एकत्र लुकलुकायला लागले, लग्नाच्या मांडवासारखे! "बघा! मस्त चाललंय!" मी म्हटलं.

नेट नाही. मशीन नाही. एका कॉम्प्युटरला दुसरा दिसेना. हर्षदभाईंचं गोल गोल फिरतच राहिलं.

आता मात्र मी डब्यापासून हात मागे घेतले. आत्याने फक्त नव्या स्क्रीनवरचा हार सरळ केला आणि खुर्चीत बसली. आत्या ओरडते तेव्हा मला काही वाटत नाही. ती हार सरळ करायला लागली की समजायचं, प्रकरण गंभीर आहे. काकूंचं काम घाटकोपरला जाताना मला डोळ्यांसमोर दिसायला लागलं, आणि ते घेऊन जाणाऱ्या टेम्पोवर माझा ट्रॉफीसकट फोटो.

"गे माधुरी!"

द्रौपदीकाकू! दुपारी येणार होत्या त्या सकाळीच! हातात पिशवी, पिशवीत मसाल्याची पुडी. रंग ताडून बघायला काकू खरा मसाला घेऊन येतात, कारण त्यांचा कुठल्याही यंत्रावर विश्वास नाही.

"ह्या काय गे?" काकू स्क्रीनसमोर वाकल्या. "माझो मसालो खंय? माका तर नुसती अमावास्या दिसता!"

"काकू, जरा पाच मिनिटं..." आत्या म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता.

"काय झाला?"

"हॅकर," मी म्हटलं.

"वायर," सर्वेशदादा म्हणाला.

"रिटर्न," हर्षदभाई म्हणाले.

काकूंनी आमच्या तिघांकडे आळीपाळीने बघितलं, पिशवी टेबलावर ठेवली आणि डोक्यावर पदर घेतला. "दिष्ट लागली हा. नवी वस्तू, आणि चार लोकांनी बघितल्यानी. चला, उभी रवा सगळी. गाऱ्हाणा घालूक व्हया."

"काकू, हा तांत्रिक बिघाड आहे," मी म्हटलं. विज्ञानाची बाजू कुणीतरी घ्यायला नको?

"तू गप ऱ्हव गे चेडवा! सकाळपासून तुझ्या तंत्रान किती दिवे लागले?"

मी उभी राहिले.

काकूंनी स्क्रीनसमोर हात जोडले आणि असा काही आवाज लावला की गावच्या देवळातली घंटा आपोआप वाजली असती.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या माधुरीच्या गाळ्यात काळोख पडलो असा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आत्या म्हणाली. आम्ही कोकणातले, गाऱ्हाण्याला असा होकार देणं आमच्या रक्तातच आहे. मीही म्हटलं.

"कोणाची वाईट नजर लागली असात, कोणी नको त्या वायरींका हात घातलो असात..."

"व्हय म्हाराजा!" हे सर्वेशदादाने सगळ्यांत मोठ्याने म्हटलं.

"...तर त्या लेकराक माफ कर, जा वाकडा असात ता सरळ कर, आणि माझ्या मसाल्याचो रंग माका दाखय रे म्हाराजा!"

"हा महाराज! आणि रिटर्न पण!" हर्षदभाई डोळे मिटून म्हणाले.

आणि मग काकूंनी ते केलं. देवळात मूर्तीच्या पायावरचं घेतात ना, तसं त्यांनी अंगठ्याने स्क्रीनच्या कपाळावरचं कुंकू उचललं.

"काकू! अजून काम पास..." आत्या दचकली.

"देवाचा कुंकू घेवक पास कित्याक लागता गे?" काकू म्हणाल्या. त्यांनी स्वतःला लावलं, आत्याला लावलं, मला लावलं. बोटाला पुरेना म्हणून पुन्हा खरवडून घेतलं आणि सर्वेशदादाला, हर्षदभाईंना, सगळ्यांना टिळे लावले. अक्षतासुद्धा निघाल्या. पदराचं टोक त्यांनी त्या जागेवरून भक्तिभावाने फिरवलं.

आणि स्क्रीन उजळली!

हळूहळू नाही हो, भक्ककन! घटस्थापनेची समई आणि क्रिकेटच्या मैदानावरचे दिवे एकाच वेळी लागल्यासारखी! आणि त्या उजेडात काकूंचं लेबल, लाल, तजेलदार, ठसकेबाज. नुसतं बघून शिंक यावी असं! काकूंनी पुडी सोडली, चिमूटभर मसाला तळहातावर घेऊन स्क्रीनच्या शेजारी धरला. कुठला मसाला आणि कुठलं लेबल ते कळेना.

"ह्योच! ह्योच तो रंग!" काकू ओरडल्या. "छाप गे माधुरी! सगळा छाप! घाटकोपरवाल्याक मी आजच सांगतंय, तुझा काय काम नाय!"

आत्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. हर्षदभाईंनी स्क्रीनला वाकून नमस्कार केला.

गडबडीत कुणाचं लक्ष नाही असं बघून मी त्या काळ्या टिकलीवर हळूच अंगठा ठेवला. काळोख. अंगठा उचलला. उजेड. पुन्हा ठेवला. काळोख.

टिकलीएवढा. उजेड पडेनासा झाला की त्याला वाटतं, झाली रात्र.

माझ्या कानात परीक्षक बाई म्हणाल्या, "कळलं गं बाळा."

"काय करतेयस?" सर्वेशदादाने मागून विचारलं.

"नमस्कार," मी म्हटलं.

तो टेबलाखाली गेला आणि थोड्या वेळाने एक वायर हातात घेऊन बाहेर आला. "एकाच वायरीची दोन्ही टोकं तू त्याच डब्यात खुपसली होतीस. डबा स्वतःशीच बोलत बसला होता बिचारा." त्याने ती काढताच नेट आलं. हर्षदभाईंचं गोल गोल फिरणं थांबलं. मशीन "टुंई" करून जागं झालं.

आत्याने मला जवळ घेतलं. "सकाळपासून राबतेय गं पोर! तुझं काहीतरी सेटिंग बसलं असणार आणि मग काकूंचा आशीर्वाद!"

आता तुम्हीच सांगा, या क्षणी कुठल्या मुलीने 'आत्या, ते कुंकू मीच लावलं होतं' असं म्हटलं असतं? मी तिच्या खांद्यात तोंड खुपसून म्हटलं, "सेटिंग बसायला थोडा वेळ लागतोच." संध्याकाळपर्यंत घरच्या ग्रुपवर माझा टिळा लावलेला फोटो आला. खाली लिहिलं होतं, 'आमची इंजिनियर!' चौदा जणांनी हात जोडले. आईने फक्त एक भुवई उंचावलेला चेहरा टाकला.

इथे गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं!

दुसऱ्या दिवशी मी शाळेचे बूट घालत होते, तेवढ्यात आत्याचा फोन.

"प्रांजल! परत काळोख!"

"कसा काय?"

"मला काय ठाऊक! द्रौपदीकाकू म्हणाल्या होत्या, रोज सकाळी या स्क्रीनला कुंकू लावून मगच काम सुरू करत जा. आज तर मी तुझ्या दसऱ्याच्या कुंकवाच्या दुप्पट लावलंय! वर हळदही लावलीय! जितकं लावतेय तितका काळोख वाढतोय गं! छपाई सुरू करायचीय, काकूंना उद्या पहिला गठ्ठा द्यायचाय!"

मी डोळे मिटले. समोर ट्रॉफी होती. खरं सांगितलं तर सगळं संपलं. नाही सांगितलं तर आत्याची दिवाळी संपली.

"आत्या," मी म्हटलं, "ते कुंकू तिथून काढ आणि बाजूच्या कडेला लाव. उजव्या कोपऱ्यात, वर."

"कुंकू काढू? का गं? मधोमध काय वाईट आहे?"

माझ्या तोंडात 'सेन्सर' हा शब्द आला होता. अगदी जिभेच्या टोकावर! देवाशप्पथ! पण बाहेर पडला तो दुसराच.

"वास्तू गं, आत्या. ती ईशान्य दिशा आहे."

पलीकडे पुसण्याची खसखस. मग आत्याचा आवाज, आनंदाने फुटलेला. "आला! आला उजेड! अगं, हे कालच का नाही सांगितलंस?"

तेव्हापासून आत्याच्या धंद्याला बरकत आहे. काकूंची लेबलं छापून झाली, पुड्यांवर चिकटली. सर्वेशदादाने ती पिवळी वायर माझ्या नावाची चिठ्ठी लावून भिंतीवर टांगलीय. फक्त इस्टेटीतले लोक मला आता कॉम्प्युटरसाठी बोलवत नाहीत. येत्या रविवारी मी हर्षदभाईंच्या ऑफिसात जातेय. त्यांच्या तिजोरीचं तोंड कुठे असावं, एवढंच सांगायचंय.